सदरसाहेबांचा खर्च आणि जमातीचा पैसा: शंका आली तर काय करावं, काय करू नये

रमजान संपला, जकात-फितऱ्याची वसुली झाली, बकरी ईदला कुर्बानीच्या कातडीचे पैसेही जमा झाले, की बारामती-इंदापूर भागातल्या बहुतेक मस्जिद कमिट्या, मदरसे आणि शिक्षण-मदतीच्या ट्रस्टमध्ये एक प्रश्न हळू आवाजात फिरू लागतो. "सदरसाहेबांनी प्रवासाचे एवढे पैसे कसे काय लावले?" हा प्रश्न मस्जिदीच्या पायरीवर विचारला जातो, चहाच्या टपरीवर विचारला जातो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारला जातो. मीटिंगमध्ये मात्र कोणी विचारत नाही.

याचा तोटा दोन्हीकडून होतो. खर्च खोटा असेल तर जमातीचा पैसा जातो आणि पुढच्या वर्षी लोक हात आखडता घेतात. खर्च खरा असेल तर रात्री दोन वाजता पेशंटला घेऊन ससूनला धावणारा माणूस उगाच चोर ठरतो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. म्हणून अशा शंकेचं काय करायचं, कायदा काय सांगतो आणि दीन काय सांगतो, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. हा लेख कमिटीतल्या लोकांसाठी आहे. चंदा देणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या नावाने चंदा गोळा होतो त्यांच्यासाठीही तो तेवढाच आहे.

विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे

आपल्यातले कित्येक जण माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे सभासद आहेत. कारखान्याची वार्षिक सभा लागली की अहवालाचं पुस्तक हातात घेऊन लोक उभे राहतात. उसाला दर किती दिला, वाहतुकीवर खर्च किती, गाड्यांच्या डिझेलला किती, असं थेट चेअरमनला विचारतात. त्याला कोणी उद्धटपणा म्हणत नाही, सभासदाचा हक्क म्हणतात. आपल्या घरातल्या बायका बचत गटात दर महिन्याला पासबुक उघडून शंभर-शंभर रुपयांचा मेळ घालतात. मग जमातीच्या लाखो रुपयांचा हिशोब विचारताना आपली जीभ का अडते?

कारण समोर हाजीसाहेब असतात, वयाने मोठे असतात, कोणाचे मामू तर कोणाचे सासरे असतात. पण अमानत नात्यावर चालत नाही. कुरआनमध्ये सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या मालाची देखरेख करणाऱ्यांना नियम घालून दिला आहे. देखरेख करणारा सधन असेल तर त्याने त्या मालाला हात लावू नये, गरजू असेल तर रास्त तेवढंच घ्यावं, आणि माल परत करताना साक्षीदार ठेवावेत. ट्रस्टच्या पदाधिकाऱ्याच्या खर्चाचं सगळं धोरण या तीन गोष्टींत आलं: गरज नसेल तर घेऊ नका, घेतलंत तर रास्त घ्या, आणि पुरावा ठेवा.

हदीसमध्ये इब्नुल लुत्बिय्याह यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. तो सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम दोन्हींत आला आहे. जकात गोळा करायला पाठवलेले हे गृहस्थ परत आले आणि हे तुमचं, हे मला भेट मिळालेलं, असा वाटा करू लागले. त्यावर रसूलुल्लाह (स.) यांनी मिंबरवरून सर्वांसमोर विचारलं, की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का? आजही ही कसोटी वापरता येते. हा खर्च, ही सोय, हे हॉटेलचं बिल पदामुळे मिळालं की कामासाठी लागलं?

दुसरी बाजूही दीनमध्येच आहे. हजरत अबूबक्र (रजि.) कापडाचा व्यापार करत. खिलाफत आल्यावर व्यापार आणि कारभार एकत्र जमेना, तेव्हा बैतुलमालमधून त्यांना ठरावीक भत्ता बांधून देण्यात आला. म्हणजे काम करणाऱ्याने खर्च घेणं हा गुन्हा नाही. फरक एवढाच की रक्कम इतरांनी ठरवली आणि ती सर्वांना माहीत होती.

आपली संस्था कोणत्या कायद्यात येते, हे आधी पाहा

तक्रार कुठे करायची हे यावरून ठरतं, म्हणून सुरुवात इथून करा.

पहिला प्रकार सार्वजनिक न्यासाचा. यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. जुन्या कागदांवर 'मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था' असं लिहिलेलं सापडेल, कायदा तोच. पुणे जिल्ह्यातल्या अशा न्यासांचं कार्यालय पुण्यात, धर्मादाय सहआयुक्तांकडे. बऱ्याच शिक्षण संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. त्यांच्याकडे दोन्ही नोंदणी क्रमांक असतात.

दुसरा प्रकार वक्फचा. जुन्या मस्जिदी, दर्गे, कब्रस्तान आणि त्यांच्या इनाम जमिनी यांत येतात. त्यांना १९९५ चा वक्फ कायदा लागू आहे. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. २०२५ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली. त्यामुळे वक्फच्या बाबतीत कलमाचा आधार घेण्यापूर्वी वकिलाला विचारून घ्या.

मुस्लिमांनी चालवलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ असतो असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून अंदाजाने न चालता नोंदणीचा दाखला मागा. पावती पुस्तकावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तिथूनही कळतं. पावतीवर नंबरच नसेल, तर पहिली शंका तिथेच घ्या.

रास्त खर्च कशाला म्हणायचं

विश्वस्तपद हे सेवेचं पद आहे. ट्रस्ट डीड किंवा घटनेत सोय नसेल तर विश्वस्ताला पगार मागता येत नाही, हे आपल्याकडचं जुनं तत्त्व आहे. मात्र कामासाठी खिशातून केलेला योग्य खर्च परत मिळण्याचा हक्क त्याला आहे. हा खर्च योग्य आहे की नाही, हे पाच प्रश्नांतून कळतं.

१. काम कोणाचं होतं? ट्रस्टच्या उद्देशात बसणारं की घरचं?

२. आधी मंजुरी होती का? निदान कमिटीला माहिती होती का?

३. पुरावा काय? बिल, पावती, केसपेपर, आवक शिक्का, ऑनलाइन व्यवहाराची नोंद.

४. दर रास्त आहे का? एसटीने होणाऱ्या कामाला एसी गाडी लागली असेल तर कारण काय?

५. मंजुरीची सही कोणाची? खर्च करणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असेल तर बाकीच्या चार उत्तरांना अर्थ राहत नाही.

जकातीच्या पैशाबाबत आणखी एक गोष्ट. हनफी मताप्रमाणे जकात हकदाराच्या मालकीत जावी लागते, म्हणजे तमलीक व्हावी लागते. त्यामुळे पेट्रोल, चहापाणी, मीटिंगचं जेवण हे जकातीच्या खात्यातून काढता येत नाही. त्यासाठी इमदाद आणि नफली सदक्याचं वेगळं खातं असावं. कोणता खर्च कोणत्या मदीतून करायचा, याबद्दल मुफ्तीसाहेबांचं लेखी मत घेऊन फाईलला लावा. तोंडी फतव्यावर वाद होतात.

एक उदाहरण आकड्यांसह

हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी तयार केलं आहे, कोणत्याही खऱ्या संस्थेचं नाही. समजा, बारामतीत एक मदत ट्रस्ट आहे आणि सदरसाहेब इंदापूरला राहतात. तीन महिन्यांत पुण्याच्या १४ फेऱ्या, प्रत्येकी ४,५०० रुपये, असा ६३,००० रुपयांचा खर्च त्यांनी घेतला. बिलं जोडली नाहीत, फक्त तारखा लिहिल्या. खजिनदाराने चेक दिला. आता कुजबुज सुरू झाली.

कमिटीने तीन जणांना तपासायला बसवलं. त्यांनी आरोपापासून नाही, कागदापासून सुरुवात केली. इंदापूरहून पुण्याला हायवेने जाताना पाटसचा टोलनाका लागतो, म्हणून गाडीच्या फास्टॅगचा उतारा मागितला. धर्मादाय कार्यालयात दिलेल्या अर्जांवरचे आवक शिक्के पाहिले. ससूनला नेलेल्या पेशंटच्या केसपेपरच्या तारखा जुळवल्या.

निघालं ते असं. ५ फेऱ्या पेशंटच्या, केसपेपर आणि टोल दोन्ही जुळले. ३ फेऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या, शिक्का आहे. २ फेऱ्या देणगीदारांना भेटायच्या, त्या तारखांच्या देणगीच्या पावत्या पुस्तकात सापडल्या. २ फेऱ्यांच्या दिवशी सदरसाहेब घरच्या लग्नाला पुण्यात होते. विचारल्यावर त्यांनी ते मान्य केलं. राहिलेल्या २ तारखांना टोलची नोंद नाही, उलट त्याच दिवशी बारामतीच्या मीटिंगच्या हजेरी वहीत त्यांची सही आहे. तारखा आठवणीने लिहिल्या, चुकल्या असतील, असं ते म्हणाले. त्यांना आठ दिवस दिले. एका फेरीची खरी तारीख पुराव्यासह मिळाली, दुसरीची मिळाली नाही.

म्हणजे ११ फेऱ्या मान्य झाल्या. पण ४,५०० हा भाड्याच्या गाडीचा दर आहे आणि गाडी तर त्यांची स्वतःची. कमिटीने टोलसकट किलोमीटरला १० रुपये दर ठरवला. इंदापूर-पुणे जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर, म्हणजे फेरीला २,८०० रुपये. अकरा फेऱ्यांचे ३०,८००. घेतलेल्या ६३,००० मधून ते वजा केले तर परत यायला हवेत ३२,२०० रुपये.

आकडा छोटा वाटतो? महिन्याला दोन हजारांची मदत घेणाऱ्या सोळा विधवांचा हा एका महिन्याचा आधार आहे. दुसऱ्या बाजूने पाहा. कुजबुजीत तर "सगळे पैसे खाल्ले" असंच चाललं होतं. प्रत्यक्षात अकरा फेऱ्या खऱ्या निघाल्या. तपासणी झाली नसती तर पैसाही गेला असता आणि माणूसही.

या एका उदाहरणात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: कागद नसलेलं खरं काम, घरचं आणि संस्थेचं एकत्र करण्याचा निष्काळजीपणा, आणि न झालेल्या फेरीचे पैसे. तिन्हींना एकच शिक्षा लावणं अन्याय आहे, आणि तिन्हींना एकच माफी देणंही.

शंका आली तर पायरी-पायरीने

पहिली पायरी, खात्री करा. सूरह हुजुरातमध्ये कोणी बातमी आणली तर आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे, आणि त्याच सूरहमध्ये बदगुमानी आणि गीबतीला मनाई आहे. तुम्ही स्वतः काय पाहिलं, दुसऱ्याकडून काय ऐकलं आणि अंदाज काय लावला, हे तीन कागदांवर वेगळं लिहा. बहुतेक वेळा पहिला कागद सगळ्यात छोटा निघतो.

दुसरी पायरी, ग्रुपवर टाकू नका. बिलाचा फोटो आणि खाली 'चोर' असं लिहून फॉरवर्ड केलं तर उद्या तुमच्यावरच बदनामीचा खटला होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. शिवाय समोरचा सावध होतो आणि वह्या 'सापडत नाहीत'.

तिसरी पायरी, लेखी विचारा. सेक्रेटरींच्या नावाने साधं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर असा असावा:

"जनाब सेक्रेटरीसाहेब, अस्सलामु अलैकुम. मी आपल्या ट्रस्टचा देणगीदार/सभासद आहे. मागच्या आर्थिक वर्षाच्या हिशोबात प्रवासखर्चाची रक्कम जास्त वाटते. या रकमेचा तपशील, बिलं आणि मंजुरीचे ठराव पाहायला मिळावेत ही विनंती. कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही. पंधरा दिवसांत वेळ कळवावी."

पत्रात रकमेचं नाव घ्या, माणसाचं नको.

चौथी पायरी, कमिटीने काय करायचं. पत्र आलं की ते मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्यावं. ज्यांच्या खर्चाबद्दल प्रश्न आहे त्यांनी त्या विषयापुरतं अध्यक्षस्थान सोडावं. तीन जणांची तपासणी समिती नेमावी. त्यात एक हिशोब कळणारा बाहेरचा माणूस असावा आणि सदरांचा नातेवाईक किंवा धंद्यातला भागीदार नसावा. मदत वाटपात जिथे बायका लाभार्थी आहेत तिथे समितीत एक बाई हवीच. दागिना विकून चंदा देणाऱ्या बायका असतात, मदत घेणाऱ्याही त्याच, आणि हिशोब बघायला मात्र त्यांना कोणी बोलवत नाही. तपासणी चालू असेपर्यंत चेकवर त्या पदाधिकाऱ्याची सही थांबवावी. आरोप सिद्ध झाला असा याचा अर्थ नाही, हे त्याच ठरावात लिहावं.

पाचवी पायरी, त्यांचं म्हणणं ऐका. प्रश्नांची यादी लेखी द्या, वेळ द्या, उत्तर लेखी घ्या. मग प्रत्येक रकमेसमोर तीनपैकी एक शेरा मारा: मान्य, काही भाग मान्य, अमान्य. कारण एका ओळीत लिहा.

सहावी पायरी, निकाल जाहीर करा. ज्या लोकांत शंका पसरली त्याच लोकांत निकाल सांगितला पाहिजे. खर्च खरा निघाला तर जुम्याच्या नमाजनंतर तेवढ्याच मोठ्याने सांगा की हिशोब बरोबर आहे. चूक निघाली तर पैसे भरण्याची मुदत द्या आणि जमा झाल्याची पावती फाडा. "सदरसाहेबांनी दिले परत, आता विषय संपला" असं तोंडी मिटवू नका. खोटी बिलं, खोट्या सह्या किंवा न झालेल्या कामाचे पैसे वारंवार निघाले, तर आपसात मिटवण्याचा हक्क कमिटीला नाही. पैसा कमिटीचा नाही, ज्यांच्यासाठी दिला गेला त्यांचा आहे.

कमिटीने ऐकलंच नाही तर

सार्वजनिक न्यासाचे हिशोब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत त्यांचं लेखापरीक्षण व्हावं लागतं. लेखापरीक्षकाचं काम फक्त बेरीज तपासण्याचं नाही. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अनियमित, बेकायदा किंवा अयोग्य खर्च आणि विश्वासभंगामुळे झालेलं नुकसान अहवालात दाखवणं त्याला बंधनकारक आहे. रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशोबाशी जुळतात का, कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, सभांची कार्यवृत्त पुस्तकं ठेवली आहेत का, हेही त्याला सांगावं लागतं. म्हणून आधी हा अहवाल वाचा. तो धर्मादाय कार्यालयात दाखल होतो. कमिटी देत नसेल तर तिथे नकलेसाठी अर्ज करा. हिशोब दाखलच केले नसतील तर तीच मोठी तक्रार आहे.

अहवालात दोष दिसला तर कार्यालय विश्वस्तांकडे खुलासा मागू शकतं. चौकशी आणि सुनावणीनंतर नुकसान किती आणि जबाबदार कोण हे ठरवून ती रक्कम त्या व्यक्तीकडून भरून घेण्याचा आदेश कलम ४० आणि ४१ प्रमाणे देता येतो. कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं किंवा काढून टाकता येतं. त्यासाठीच्या कारणांत हिशोब देण्यात सतत कसूर, विश्वासभंग आणि मालमत्तेचा अपहार यांचा समावेश आहे. हा अर्ज दुसरा विश्वस्तच नव्हे, न्यासात हितसंबंध असलेली व्यक्तीही करू शकते. पैसा किंवा मालमत्ता उडवली जाण्याचा धोका असेल तर कलम ४१-इ खाली मनाई हुकूम मागता येतो.

वक्फ असेल तर मुतवल्लीला दरवर्षी मंडळाला हिशोब द्यावा लागतो. कारभाराबद्दल तक्रार असलेली हितसंबंधित व्यक्ती कलम ७० खाली प्रतिज्ञापत्रासह चौकशीचा अर्ज करू शकते. मुतवल्लीला काढण्याची तरतूद कलम ६४ मध्ये आहे.

पोलिसांकडे कधी जायचं? खोटी कागदपत्रं किंवा स्पष्ट अपहार असेल तेव्हा. फौजदारी विश्वासघात आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुनं भारतीय दंड विधान लागू राहतं. फक्त बिल हरवलंय म्हणून पोलीस ठाणं गाठू नका.

आयकराचीही बाजू आहे. करसवलत घेणाऱ्या संस्थेचा पैसा विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरला गेला तर संस्थेची सवलत धोक्यात येते. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्चही मान्य होत नाही. म्हणजे एका माणसाच्या चुकीचा कर सगळ्या संस्थेला भरावा लागतो.

मोठ्या संस्थांतून काय शिकायचं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. मुळशी तालुक्यातल्या माण इथल्या ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टच्या जमिनीच्या भूसंपादनाचा सुमारे ७ कोटी ७६ लाखांचा मोबदला बनावट कागदांवर उचलल्याचा आरोप झाला आणि २०२१ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला. पुढे अंमलबजावणी संचालनालयानेही तपास केला. पुण्यातच, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सचिवांना एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १ कोटी ४२ लाख रुपये वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. संस्था कितीही जुनी आणि नावाजलेली असो, सह्या दोन-चार हातांत राहिल्या की असे प्रश्न उभे राहतात.

खर्चाच्या दाव्यांबाबत सर्वात गाजलेलं प्रकरण मुंबईच्या सबरंग ट्रस्टचं. क्रेडिट कार्डावरचा वैयक्तिक खर्च ट्रस्टच्या पैशातून केल्याचा आरोप गुजरात पोलिसांनी तिस्ता सेटलवाड आणि जावेद आनंद यांच्यावर केला. दोघांनी तो फेटाळला. वैयक्तिक खर्च आपण स्वतः भरला आणि ट्रस्टने फक्त कामाचा भाग दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. ट्रस्टचा परदेशी देणग्यांचा परवाना जून २०१६ मध्ये रद्द झाला. या प्रकरणाकडे राजकीय सूड म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. पण आपल्यासाठी धडा साधा आहे: घरचं आणि संस्थेचं एका कार्डावर, एका खात्यात ठेवू नका. हिशोब खरा असला तरी तो सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि ज्यांना संस्था बंद पाडायची आहे त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

उद्या वाद नको असेल तर आजच हे करा

एका पानाचं खर्चधोरण ठरावाने मंजूर करून ऑफिसच्या भिंतीला लावा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात.

* प्रवासाचा दर: एसटी किंवा रेल्वेचं तिकीट प्रत्यक्ष; स्वतःच्या गाडीला किलोमीटरचा ठरलेला दर; भाड्याची गाडी फक्त पेशंट किंवा रात्रीच्या कामाला.

* बिल पंधरा दिवसांत द्यायचं. बिल मिळत नसेल तर तारीख, काम, रक्कम आणि एका साक्षीदाराची सही असलेलं व्हाउचर चालेल, पण ठरावीक छोट्या रकमेपर्यंतच.

* स्वतःच्या खर्चाला स्वतःची मंजुरी नाही. सदरांचा खर्च खजिनदार आणि आणखी एक विश्वस्त मंजूर करतील, खजिनदाराचा खर्च सदर आणि सेक्रेटरी.

* अॅडव्हान्स घेतला तर महिन्याच्या आत हिशोब. आधीचा बाकी असेल तर नवा नाही.

* जकात, इमदाद, बांधकाम आणि शिष्यवृत्ती यांची खाती वेगळी. चेक दोन सह्यांचा. यूपीआय संस्थेच्या खात्यावर, कोणाच्या खासगी नंबरवर नाही.

* दर तीन महिन्यांनी जमा-खर्चाचा एक कागद नोटीस बोर्डावर, त्यात पदाधिकाऱ्यांच्या खर्चाची ओळ वेगळी.

हिशोब लिहिणाऱ्या मुलाचा किंवा मौलानांचाही विचार करा. त्यांचा पगार सदरांच्या हातात असतो आणि "हे व्हाउचर लिहून टाक" असं सांगितलं की ते नाही म्हणू शकत नाहीत. धोरण लेखी असलं तर नियम दाखवता येतो, माणसाशी भांडावं लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बरेच चांगले कार्यकर्ते बिल मागायला लाजतात. "सवाबचं काम आहे, हिशोब कसला" म्हणून खिशातून घालतात. तीन-चार वर्षांनी घरात ओढाताण सुरू होते, मग एकदम मोठी रक्कम अंदाजाने उचलली जाते आणि तिथून संशय सुरू होतो. ज्याला सवाबसाठी द्यायचं आहे त्याने पेट्रोलचे पैसे बिल देऊन घ्यावेत आणि तेवढीच रक्कम संस्थेची पावती फाडून परत चंद्यात द्यावी. अल्लाहकडे दोन्हीची नोंद आहेच. जमातीच्या वहीतही दोन्हीची नोंद राहील.